कंसातली माणसं

माणूस गेल्यावर पहिला कागद ग्रामपंचायतीत होतो. एकवीस दिवसांच्या आत नोंद दिली तर काही त्रास नाही. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटून गेलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातलं हे कलम गावात कोणी वाचलेलं नसतं, पण ठाऊक सगळ्यांना असतं. वडिलांच्या दहाव्याचा विधी आटोपून परत येताना चुलते माझ्या भावाला हळूच म्हणाले, "ग्रामसेवकाकडं जाऊन ये बाबा. मागून लई हेलपाटे पडतेत." घरात रडणं चालू असताना कागदाचं कोणीतरी बोलावंच लागतं. आमच्या भावकीत ते काम पहिल्यापासून चुलत्यांकडं आहे.

दादा, म्हणजे माझे वडील, २०२४ च्या ऑक्टोबरात गेले. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. मी लातूरला शिक्षिका आहे. फोन आला तेव्हा पाचवीचा तास चालू होता. गावी पोचले तर अंगणभर सोयाबीन वाळत घातलेलं, आणि माणसं ते घमेल्यांनी भरून बसायला जागा करत होती. एवढ्या गर्दीत कुणीतरी ओरडलं, "अरे, ओलं आणि वाळलं एकत्र करू नका." दादा असते तर तेच म्हणाले असते. माती दिवस मावळायच्या आत झाली.

अस्थी गंगाखेडला नेल्या. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगाखेड जनाबाईचं गाव. परभणीकडची माणसं बहुतेक तिथंच जातात. काठावर गुरुजींनी भावाला नावं विचारली. पिता, पितामह, प्रपितामह. भावाला आजोबांपर्यंत नाव सांगता आलं, पुढं तो थांबला. पणजोबांचं नाव मागून आत्यानं सांगितलं. मग गुरुजींनी बायकांची नावं विचारली. आई, आजी, पणजी. माय आमच्यात आहे म्हणून तो प्रश्नच नव्हता, दादांच्या आईचं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण दादांची आजी कोण, हे आत्यालाही सांगता येईना. "आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो," ती म्हणाली. गुरुजींना ही अडचण रोजची असावी. त्यांनी न थांबता एका नदीचं नाव घातलं आणि मंत्र पुढं नेला. माझ्या पणजीच्या जागी त्या दिवशी नदीचं नाव घेतलं गेलं.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं, आत्याला मात्र ते जरा कमीच वाटलं. पिंडाकडं बघत ती म्हणाली, "काहीच राहिलं नव्हतं का रे तुझं मागं?"

सुतक संपेपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस माणसं बसायला येत होती. शेजारच्या घरांतून भाकरी-पिठल्याच्या पाट्या येत. आलेला माणूस आधी गप्प बसतो, मग "कसं झालं?" विचारतो, मायच्या तोंडून सगळं पुन्हा ऐकतो, चहा घेतो, आणि उठायच्या आधी स्वतःकडची एखादी गोष्ट ठेवून जातो. मला त्यातली सर्वांत जास्त आठवते ती आमच्या जुन्या सालगड्यानं सांगितलेली. विहिरीतल्या मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तोंडाची झडप, गाळानं बंद पडला की दादा कायम त्यालाच खाली उतरवायचे. आम्ही समजत होतो, मालकानं गड्याला सांगावं तसं ते आहे. तो म्हणाला, "तसं नव्हतं ताई. मालकाला विहिरीचं भ्याव वाटायचं. काठावर उभं राहिलं तरी हात कापायचे त्यांचे. मी कुणाला बोललो नाही." आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नव्हतं. मायलाही नाही. आत्या मात्र म्हणाली, "व्हय, लहानपणी बारवेत पडलता की. शिडी सोडून काढलं त्याला."

बाप जाऊन आठवडा झालेला, आणि बापाबद्दलची नवी गोष्ट कळते. मला वाटलं होतं, आता त्यांच्याविषयी नवं काही कळायचं नाही, आहे तेवढंच राहील आणि तेही झिजत जाईल.

तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वारसाची वर्दी द्यावी लागते, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तोंडी तलाठीच. पद्धत अशी: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते घातलेलं प्रतिज्ञापत्र, आणि पोलीस पाटील किंवा सरपंचाचा दाखला लावून अर्ज करायचा. तलाठी आधी वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये घेतात. मग फेरफार पडतो, हरकतीसाठी नोटीस निघते, पंधरा दिवस वाट बघायची, आणि कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज ऑनलाइनही करता येतो. ऐकायला सरळ आहे.

आमचं अडलं नावावर. सातबाऱ्यावर किशन, आधारवर किसन, बँकेत किसनराव आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर कृष्णा. हे एका घरचं दुखणं नाही. मराठवाड्यात ज्या पिढीची नावं मास्तरांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली, त्या पिढीच्या प्रत्येक घरात असं पुडकं आहे. माणूस जिवंत असतो तोवर ते चालून जातं, कारण तो स्वतः खिडकीसमोर उभा राहून "मीच तो" म्हणतो. गेल्यावर ते दुसऱ्यानं लिहून द्यावं लागतं. टायपिंगवाल्यानं मजकूर आधीच तयार ठेवलेला होता: वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती म्हणजे माझे मयत वडील होत. त्यानं फक्त मोकळ्या जागा भरल्या. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही असा नियम आहे, पण बाँडवर केलेलंच बरं, असं सगळे सांगतात आणि सगळे करतात. आम्हीही केलं.

त्या मजकुरावर भावानं सही केली तेव्हा मला ती बसायला आलेली माणसं आठवली. आत्याचा किशा. गड्याचे मालक. दिंडीतल्या माणसांचे टाळकरी बुवा. अडतीवरचा माणूस तर आम्हाला म्हणाला, "तुमचे वडील मालाच्या भावावरून कधीच भांडले नाहीत." हे ऐकून माय पहिल्यांदा हसली. घरात कोथिंबिरीच्या जुडीवरून दादा भांडायचे. चार कागदांवरचा माणूस एकच होता हे नोटरीपुढं सिद्ध करता येतं. या बाकीच्यांचं मात्र तसं जुळत नाही, आणि जुळवावं असं मला वाटलंही नाही. ज्याच्याकडं दादांचा जेवढा तुकडा आहे, तेवढा त्याच्याकडं नीट आहे.

बाकीचे कागद भराभर झाले. रेशनकार्डावरून नाव कमी केलं. पीएम किसानचे दोन हजार खात्यावर येण्याआधी कळवलं, कारण माणूस गेल्यानंतर जमा झालेला हप्ता परत भरावा लागतो. दादांच्या मोबाइलवर खतवाल्यांचे मेसेज येत राहिले. माय तो फोन चार्जिंगला लावते. कामून, असं मी विचारलेलं नाही.

खरं काम निघालं ते पुढं. दादांची वारस नोंद करताना कळलं, की माळावरचा एक तुकडा दादांच्या नावावर कधी आलेलाच नव्हता. तो अजून आजोबांच्या नावावर होता. आजोबा मी जन्मायच्या आधी गेले. त्या तुकड्यावर कधी कर्ज काढलं नाही, तो कधी विकायला निघाला नाही, म्हणून पन्नास वर्षं कोणी तिकडं बघितलं नाही. सरकारी कागदावर आजोबा शेती करत होते.

२०२५ च्या एप्रिलात राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. बुलढाणा जिल्ह्यात आधी केली, मग सगळीकडं. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, आणि तीही तलाठ्यांनी गावात येऊन. चावडीवर यादी वाचली गेली. मी त्या दिवशी गावातच होते. यादीतली निम्मी माणसं मी पाहिलेलीही नव्हती. एकेक नाव वाचलं की ओट्यावरून आवाज येई. "हा तर रझाकारीत गाव सोडून गेला, परत आलाच नाही." "हिचं कोणी नाही मागं." "हा मह्या आज्याचा भाऊ." तास-दीड तास चावडीवर मेलेल्या माणसांची हजेरी चालली होती, आणि प्रत्येकासाठी कोणी ना कोणी 'हजर' म्हणत होतं.

आजोबांच्या मृत्यूचा दाखला हवा. दाखल्याला तारीख हवी. तारीख कोणाला माहीत?

माय म्हणाली, "पंचमी."

आमच्याकडं आजोबांचं पित्र पंचमीला घालतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, माय या घरात आली तेव्हापासून. पंचमी हे नक्की. पण ती कुठल्या महिन्यातली पंचमी, आणि कुठलं साल? तिथीला साल नसतं. ती दरवर्षी येते, ताट वाढून घेते आणि जाते. आमच्या घरानं आजोबांची बरोबर तेवढीच आठवण धरून ठेवली होती, जेवढी ताट वाढायला लागते. पंगतीला कोण बसायचं, भाजी कोणती करायची, कढी लागतेच, अळूच्या वड्या आजोबांना आवडायच्या म्हणून त्या करायच्या. हे सगळं मायला पाठ. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा ते जाऊन काही वर्षं झाली होती. न पाहिलेल्या सासऱ्याला वड्या आवडायच्या हे तिला सासूनं सांगितलं, आणि तिनं ते माझ्या भावजयीला सांगितलंय.

साल शोधायला आम्ही म्हाताऱ्या माणसांकडं गेलो. आमच्या भागात साल आकड्यांनी सांगत नाहीत. रझाकारी, पोलीस अॅक्शन, बहात्तरचा दुष्काळ, भूकंप. एक आजोबा म्हणाले, "सुकडीच्या साली." म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो यायची, ते दिवस. दुसरे म्हणाले, "नाही, नाही. सुकडी बंद झाल्यावर." आत्याचं म्हणणं वेगळंच. तिच्या मते बापानं दुष्काळात बैलजोडी विकली आणि त्या धसक्यानं तो गेला. बैल बाजारात सोडून आला, दावी हातात घेऊन घरी आला, खाटेवर पडला आणि उठलाच नाही. लहानपणापासून आम्ही हीच गोष्ट ऐकलेली. दादाही अशीच सांगायचे. सांगताना त्यांचा हात दावी धरल्यासारखा होई.

ग्रामपंचायतीत जुनी रजिस्टरं एका लोखंडी पेटीत होती. गेली दोन-तीन वर्षं मराठवाड्यात जुन्या कागदांना वेगळाच भाव आलाय. कुणबी नोंदींसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून निजामाच्या काळातली दप्तरं, खासरा पत्रकं, मोडीतले आणि उर्दूतले कागद तालुक्या-तालुक्यांत उघडले गेले. मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना गाड्या पाठवून आणलेलं मी पाहिलंय. त्या प्रश्नावर ज्याचं-त्याचं मत काही असो, पण पणजोबाचं नाव माहीत नसलेली कितीतरी पोरं त्या वर्षी खापरपणजोबापर्यंत जाऊन आली. आम्हाला एवढ्या मागं जायचं नव्हतं. आम्हाला फक्त १९७२ आणि १९७३ ची वही हवी होती.

वही मिळाली. कडांना वाळवी लागलेली, पण आतली शाई शाबूत. निळ्या शाईतलं, उजवीकडं झुकलेलं, घाईचं अक्षर. एकाखाली एक नावं, वय, जात, मृत्यूचं कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द: ताप. मधूनच हगवण. एका पानावर ओळीनं लहान मुलं, कुणाचं वय 'सहा महिने', कुणाचं 'दीड वर्ष'. भाऊ बोट फिरवत चालला होता, तो त्या पानावर हळू झाला. दुष्काळाविषयी मी शाळेत दरवर्षी शिकवते. पुस्तकात त्याच्यावर एक परिच्छेद आहे.

१९७३ च्या पानावर आजोबा सापडले. कारणाच्या रकान्यात ताप. वय पंचेचाळीस. खबर देणाऱ्याच्या रकान्यात अंगठा, त्याच्या बाजूला पणजोबांचं नाव. म्हणजे बापानं जाऊन मुलाच्या मरणाची नोंद दिली होती. पणजोबा तेव्हा जिवंत होते, हे त्या अंगठ्यावरून कळलं.

नोंद सापडल्यामुळं दाखला मिळायला अडचण आली नाही. सापडली नसती तर कोर्टकचेरीसारखं प्रकरण झालं असतं. पण भावाला राहवलं नाही, त्यानं जुनं पंचांग मिळवून ती तारीख तिथीशी ताडून पाहिली. पंचमी नाही निघाली. सप्तमी निघाली. आता नोंद दोन दिवसांनी दिली असेल आणि लिहिणाऱ्यानं तीच तारीख टाकली असेल, किंवा आजीनं पंचमी धरली ती दुसऱ्याच कशावरून तरी. भावानं मायला हे सांगितलं. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घालायची पंचमीलाच. त्यांना आता पंचमीचीच सवय झालीय."

बैलांचं मी आत्याला सांगितलं नाही. रजिस्टरात ताप लिहिलंय म्हणून धसका खोटा ठरतो असं कुठंय? त्या रकान्यात 'धसका' लिहायची सोय नसते.

आजोबांच्या तुकड्याला दादांच्या मागं आम्ही वारस, तशी आत्याही वारस. आत्या वसमतकडं दिलेली, आता सत्तरीच्या पुढं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्याकडं त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: बहिणींनी हक्कसोड करून द्यायचं. बहीण सोडते, भाऊ साडी करतो, माहेर टिकतं. चावडीवर एकानं मला विचारलंच, "ताई, तुम्ही आन् आत्या सोडणारच असाल ना?" मी काही बोलायच्या आत आत्या बोलली. "मला पीक नको. तुकडा तुम्हीच कसा. पण मह्या बापाच्या खाली महं नाव राहू द्या."

भाऊ गप्प झाला. त्याच्या डोक्यात पुढचे हिशेब चालू असणार: उद्या आत्याची मुलं, त्यांची मुलं, सह्या, हेलपाटे. ते हिशेब खोटे नाहीत, वाटण्यांची भांडणं आम्ही गावात रोज बघतो. तो म्हणाला, "आत्या, नाव राहिलं की हक्क राहतो."

"मग राहू दे की," आत्या म्हणाली. "लगीन झाल्यावर महं सगळंच बदललं. सासरी नावबी नवं ठेवलं. ह्या घरात मी व्हते, हे लिवलेलं कुठंच नाही."

मला गंगाखेडचा काठ आठवला. नदीचं नाव घेतलं गेलेली ती पणजी. आत्याचं नाव त्या यादीत सगळ्यात खाली बसलं, माहेरचं नाव, पुढं बापाचं नाव. तिच्या वर भावाचं आणि माझं. हो, मीही सोडलं नाही. यावर आमच्या घरात चार-आठ दिवस जरा गारवा होता, मग भावजय म्हणाली, "तुमचंच बरोबर हाय, मीबी मह्या भावाला सांगणार हाय." तिथून विषय हसण्यावारी गेला. तिच्या भावाला ते कितपत हसण्यावारी वाटेल, कोण जाणे.

नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा हाती आला. मयत माणसाचं नाव एकदम पुसत नाहीत. त्याला कंस करतात. फेरफाराचा नंबर पडतो, आणि नव्या माणसांची नावं लागतात. आजोबांचं नाव असं कंसात उभं होतं. पूर्वी हाताच्या सातबाऱ्यावर दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं, तेव्हा कंसातली नावं गळायची. काठावर गुरुजी तीन पिढ्यांपर्यंत नावं घेतात आणि चौथी सोडून देतात, तलाठ्याचं दप्तरही आपल्या पद्धतीनं तेच करतं. शोधायचाच झाला तर फेरफाराचा नंबर धरून मागं जाता येतं. कोणी जात नाही. पण वाट बुजवलेली नसते.

अक्षय तृतीया त्याच एप्रिलच्या शेवटी होती. मायनं मातीची घागर भरली, वर आंबा ठेवला, आमरस-पुरणाचं ताट केलं. दादांचं वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं त्यांच्यासाठी काय करायचं आणि काय नाही याच्यावर तिचं आणि आत्याचं फोनवर बराच वेळ चाललं होतं. मी ते मध्ये पडून सोडवलं नाही. असल्या वादात त्या दोघींना मजा येते.

आता दादांच्या कालनिर्णयांबद्दल सांगते, कारण या सगळ्यात गावाला दादा लागले ते त्यांच्यामुळं. दादा १९८४ पासून भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज दोन-चार शब्द लिहायचे. वर्ष संपलं की कालनिर्णय गुंडाळून माळ्यावर. चौकोन केवढासा, त्यात दादांचं मुंगीएवढं अक्षर. "पा. चांगला, ओढा गेला." "तुरीला फवारा." "म्हैस व्याली, पारडी." १९९३ च्या ३० सप्टेंबरला: "पहाटे धरणी हालली, भांडी पडली." आणि मधून मधून: अमक्याची म्हातारी गेली, मातीला गेलो. सणवार, दुःख, पाऊस, सगळ्याला सारखीच दोन-चार अक्षरं.

चावडीवरच्या यादीनंतर चुलत्यांना हे आठवलं आणि त्यांनी गावात सांगितलं. कालनिर्णयावर तारीख आणि तिथी दोन्ही छापलेल्या असतात. ज्याच्याकडं नुसती तिथी आहे, त्याला तारीख सापडते. कागद म्हणून त्याला सरकारदरबारी किंमत नाही, पण कुठल्या सालच्या रजिस्टराचं कुठलं पान उघडायचं हे तरी कळतं. माणसं यायला लागली. "ताई, आमच्या माईची तारीख दादाच्या कालनिर्णयात हाय का बघा ना." भाऊ माळ्यावरून गुंडाळ्या काढून द्यायचा. एकानं १९९१ चं घरी नेलं आणि आणून द्यायचं नाव घेईना, तेव्हापासून नियम झाला: ओसरीवर बसून बघायचं, न्यायचं नाही. चहा मिळेल.

परवा मी गावी होते तेव्हा खालच्या आळीतले एक जण आले. त्यांचे वडील १९९८ ला गेले. दादांनी लिहिलेली तारीख त्यांना पटेना.

"किशन चुकलाय," ते म्हणाले. "आमचा बाप मंगळवारी गेला. ह्यानं बुधवारी लिवलंय."

भाऊ म्हणाला, "दादा त्याच दिवशी लिहायचे, काका."

"त्याच दिवशी लिवायला तो गावात पाहिजे ना. त्या दिवशी तो बाजाराला गेलता. माती झाल्यावर दिवेलागणीला आला आन् दारातच मला म्हणला, मला सांगावा कामून धाडला नाही? असा भांडला मह्यासंगं. बापाच्या मातीच्या दिवशी भांडला!"

भावानं बोट एका चौकोनानं मागं सरकवलं. मंगळवारच्या चौकोनात लिहिलं होतं: "बाजार. मिरची, दोरखंड ४० रु."

काका चष्मा कपाळावर चढवून वाकले, दोनदा वाचलं, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ! म्हणलं नव्हतं?" मग पुन्हा वाकले. "आन् दोरखंड चाळीसला? ह्याला फसवलं कुणीतरी. मी त्याच बाजारात तीसला आणलता."